दोन तास आधीच उगवलेला ग्रह : केप्लर-५१, टीटीव्ही आणि न दिसणारे सोबती

रोहिणीशकट (धागाकर्ती)

बाह्यग्रहांच्या (सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या) जुन्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की जो ग्रह ताऱ्यासमोरून कधी जात नाही आणि ज्याचा स्वतःचा उजेड आपल्यापर्यंत पोचत नाही, तो 'सापडला' असं कशाच्या जोरावर म्हणतात? तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

एका ताज्या प्रकरणापासून सुरुवात करते. हंस तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २,६०० प्रकाशवर्षांवर केप्लर-५१ नावाचा तारा आहे. सूर्याच्या जातीचा, पण वयाने पोरसवदा, पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याचे तीन ग्रह केप्लर दुर्बिणीला सापडले : बी, सी आणि डी. एका फेरीला अनुक्रमे सुमारे ४५, ८५ आणि १३० दिवस. गुणोत्तर जवळजवळ १:२:३. आकाराने हे ग्रह शनीच्या पंगतीला बसतील असे, पण वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम काही पट. घनता ०.१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरपेक्षाही कमी. (शनीची ०.७ च्या आसपास असते, आणि तोच आपल्याकडचा सगळ्यात हलका.)

जून २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बीण डीचं अधिक्रमण (ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं; तेवढा वेळ तारा किंचित मंद दिसतो) बघायला सज्ज होती. हेतू वेगळाच होता, इतक्या फुसफुशीत ग्रहाचं वातावरण तपासायचं होतं. तीन ग्रहांचं एकमेकांवरचं गुरुत्वाकर्षण धरून अधिक्रमणाची वेळ काढलेली होती, आणि त्या गणितात इकडेतिकडे १५ मिनिटांची मुभा होती. न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेची दुर्बीणही त्याच ताऱ्याकडे लावलेली. ठरलेली वेळ आली, गेली, तारा मंद होण्याचं नाव नाही. मग आधीची मोजमापं नीट बघितली, तर निरीक्षण सुरू झालं त्याच सुमाराला एक बारीकशी घट दिसली. ग्रह दोन तास आधीच येऊन दाखल झाला होता! वेबने निरीक्षण बरंच आधी सुरू केलेलं असल्यामुळे अधिक्रमण हातचं गेलं नाही.

१५ मिनिटांची मुभा आणि दोन तासांची चूक, हे काही खपण्यासारखं नाही. मसुदा आणि लिबी-रॉबर्ट्स या खगोलशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह केप्लरची जुनी विदा (डेटा), हबलची आणि जमिनीवरच्या दुर्बिणींची मोजमापं असा सगळा १४ वर्षांचा ऐवज पुन्हा पुढ्यात घेतला. तीन ग्रहांत हिशेब जमेना. चौथा घातल्यावर जमला. डिसेंबर २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या चौथ्याचं नाव केप्लर-५१ ई. त्याला कुणीही पाहिलेलं नाही.

या पद्धतीला टीटीव्ही म्हणतात, ट्रान्झिट टायमिंग व्हेरिएशन. ग्रह एकटाच असेल तर त्याची अधिक्रमणं ठरलेल्या अंतराने होत राहतात. शेजारी दुसरा ग्रह असेल तर तो ओढाताण करतो आणि अधिक्रमण कधी आधी, कधी उशिरा होतं. प्रत्यक्ष वेळेतून गणिताने आलेली वेळ वजा करायची आणि उरलेल्या फरकाचा आलेख काढायचा. तो आलेख सपाट नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

ही कल्पना २००५ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी पक्की केली, एक होलमन आणि मरी यांचा, दुसरा एगॉल आणि सहकाऱ्यांचा. त्यानंतर पाच वर्षं हातात ठोस काही नव्हतं. २०१० मध्ये केप्लर-९ आला आणि चित्र पालटलं.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देईन.

---

पावशेर

पहिला मी! लेख आवडला. माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं ते असं : रोज सहाला येणारा दूधवाला साडेसहाला यायला लागला, म्हणजे आपल्या आधीच्या गल्लीत त्याला नवं गिऱ्हाईक लागलं. गिऱ्हाईक आपण बघितलेलं नाही, पण आहे हे नक्की. बरोबर?

---

खडूस_गणिती

पावशेर, किंवा त्याची सायकल पंक्चर झाली. किंवा एक नाही, दोन गिऱ्हाइकं लागली. किंवा तुमचंच घड्याळ पुढे आहे.

चेष्टा नाही करत. टीटीव्हीची सगळी गोम इथेच आहे. वेळ बदलली हे कळतं, कुणामुळे बदलली हे त्याच आकड्यातून सहजी कळत नाही. धागाकर्तीने चौथ्या ग्रहाचा कालावधी लिहिलेला नाही, ते मुद्दाम का?

---

रोहिणीशकट

@खडूस_गणिती, मुद्दामच. ईचा कालावधी बहुधा २६४ दिवसांच्या आसपास, म्हणजे डीच्या दुप्पट. हा सगळ्यात पटणारा पर्याय आहे, पण एकमेव नाही. वेगवेगळ्या कक्षा आणि वेगवेगळी वस्तुमानं घेऊनही तेवढाच दोन तासांचा फरक काढता येतो. ई आल्यामुळे आतल्या तिघांची वस्तुमानंही पुन्हा काढावी लागली. ते हलकेच राहिले, पण आधीच्या आकड्यांवरचा विश्वास थोडा सैल झाला.

@पावशेर, दूधवाला चालेल, पण एका जागी अडखळतो. नव्या गिऱ्हाइकामुळे तो रोजच उशिरा येईल. ग्रहाचं तसं नसतं. तो काही महिने आधी येतो, मग काही महिने उशिरा, आणि हे चक्र चालू राहतं. का, ते आकड्यांत दाखवते.

आतला ग्रह १० दिवसांचा आणि बाहेरचा २०.४ दिवसांचा धरा. दोघं ताऱ्याच्या एकाच बाजूला एका रेषेत येतात, त्याला युती म्हणू. ही युती दर १९.६ दिवसांनी होते. बाहेरच्याचा कालावधी बरोब्बर २० असता तर युती दर वेळी कक्षेच्या एकाच जागी झाली असती. इथे ती दर खेपेला साधारण १४ अंश मागे सरकते. २६ युत्यांनंतर तिचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणजे ५१० दिवसांनी.

युतीच्या आधी बाहेरचा ग्रह पुढे असतो, त्यामुळे आतल्याला पुढे ओढतो. युती झाल्यावर तो मागे पडतो आणि मागे खेचतो. कक्षा थोडी जरी लांबट असली तरी ही पुढची-मागची ओढ पुरती फिटत नाही, काहीतरी शिल्लक राहतं. युती एकाच जागेच्या आसपास होत राहते तोवर ही शिल्लक त्याच दिशेने साठत जाते. जागा फिरून पलीकडे गेली की उलट्या दिशेने. म्हणून आलेखावर ५१० दिवसांची लाट उमटते. गुणोत्तर २:१ च्या जितकं जवळ, तितकी लाट लांब आणि उंच. २०.४ ऐवजी २७ दिवस घ्या, फरक सेकंदांवर येईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

म्हणजे टीटीव्हीला सगळे शेजारी सारखे ऐकू येत नाहीत. अनुनादाजवळचा, म्हणजे कालावधींचं गुणोत्तर २:१ सारखं साधं असण्याच्या जवळ आलेला, छोटासा ग्रहसुद्धा मोठा गोंगाट करतो. आडनिड्या कालावधीचा बऱ्यापैकी वजनदार ग्रह गुपचूप बसून राहू शकतो.

---

कॉलेजकट्टा

केप्लर-९ चं चित्र पालटलं म्हणजे काय झालं? ते राहिलंच.

---

रोहिणीशकट

तिथे दोन ग्रह, दोघंही ताऱ्यासमोरून जाणारे, कालावधी १९.२ आणि ३८.९ दिवस. आतल्याचा कालावधी दर फेरीला सरासरी ४ मिनिटांनी वाढत होता आणि बाहेरच्याचा ३९ मिनिटांनी घटत होता. एकाने ऊर्जा द्यायची, दुसऱ्याने घ्यायची, असा सरळ व्यवहार. त्यामुळे दोघं एकाच ताऱ्याचे आहेत याबद्दल वाद उरला नाही, आणि एकमेकांच्या ओढीवरून वस्तुमानंही निघाली. केप्लरचे बहुतेक तारे इतके मंद आहेत, की ग्रहाच्या ओढीने होणारं ताऱ्याचं डोलणं वर्णपटावरून मोजून वस्तुमान काढणं महागात पडतं. इथे ते नुसत्या घड्याळावर झालं.

दोन्ही ग्रह दिसत असले की काम पुष्कळ सोपं होतं. एकच दिसत असला की एका हाताने टाळी वाजवायची.

---

खडूस_गणिती

त्या एका हाताच्या टाळीचं पहिलं उदाहरण मी देतो, केप्लर-१९. दिसणाऱ्या ग्रहाचा कालावधी ९.२९ दिवस. २०११ मध्ये सारा बॅलार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याची अधिक्रमणं सुमारे ५ मिनिटांनी मागेपुढे होतात आणि हे चक्र ३१६ दिवसांचं आहे. दुसरा ग्रह आहे हे मान्य झालं. पण कसा आहे? निबंधात लिहिलं ते इतकंच, की कालावधी १६० दिवसांच्या आत आणि वस्तुमान गुरूच्या सहा पटींच्या आत. गुरूच्या सहा पट! पृथ्वीसारखा खडक ते राक्षस, सगळं त्या वाक्यात मावतं.

पुढे ला पाल्मा बेटावरच्या हार्प्स-नॉर्थ वर्णपटमापकाने ताऱ्याचं डोलणं मोजलं. २०१७ चा निकाल : अदृश्य सोबती २८.७ दिवसांचा, वस्तुमान पृथ्वीच्या साधारण १३ पट. शिवाय ६३ दिवसांचा तिसराही निघाला, जो टीटीव्हीवाल्यांच्या हिशेबात नव्हता. सहा वर्षं लागली.

म्हणून 'टीटीव्हीने ग्रह सापडला' अशी बातमी आली की मी विचारतो, दुसरा साक्षीदार कोण?

---

रोहिणीशकट

प्रश्न रास्त आहे. पण दुसरा साक्षीदार कधी कधी त्याच विदेत दडलेला असतो.

केओआय-८७२ बघा. (केओआय म्हणजे केप्लरच्या संभाव्य ग्रहांच्या यादीतला क्रमांक.) दिसणारा ग्रह ३३.६ दिवसांचा, आणि वेळेतला फरक तब्बल दोन तासांपर्यंत. डेव्हिड नेस्वोर्नी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचा पिच्छा पुरवला. मोठ्या लाटेवर एक बारीक थरथर असते. प्रत्येक युतीच्या वेळी ग्रहाला बसणारा तो छोटा झटका. लाट पुष्कळ प्रकारच्या सोबत्यांमुळे येऊ शकते, थरथर मात्र ज्याची त्याची वेगळी. विदा इतकी स्वच्छ होती की ती मोजता आली आणि उत्तर एकच उरलं : ५७ दिवसांचा, साधारण शनीच्या वस्तुमानाचा ग्रह. आज त्या ताऱ्याला केप्लर-४६ म्हणतात.

आणि माझं सगळ्यात आवडतं, केओआय-१४२, आता केप्लर-८८. दिसणारा ग्रह १०.९५ दिवसांचा, आणि अधिक्रमण बारा-बारा तास आधी किंवा उशिरा. ज्याची फेरीच अकरा दिवसांची, तो अर्धा दिवस इकडेतिकडे! शिवाय अधिक्रमण किती वेळ चालतं तेही सुमारे पाच मिनिटांनी बदलत होतं. तो दुसरा साक्षीदार. २०१३ मध्ये नेस्वोर्नींच्या गटाने लिहून टाकलं, की बाहेर २२.३ दिवसांचा वायुग्रह आहे. फ्रान्समधल्या सोफी वर्णपटमापकाने ताऱ्याचं डोलणं तपासलं, ग्रह सांगितल्या जागी निघाला, आणि २०१४ मध्ये तसं प्रसिद्ध झालं. न दिसणारा ग्रह टीटीव्हीने सांगावा आणि वर्णपटाने त्यावर शिक्का मारावा, असं पहिल्यांदा घडलं ते इथे.

आता तुमच्या बाजूचं एक. २०२० मध्ये केक दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्याच ताऱ्याभोवती गुरूच्या तिप्पट वस्तुमानाचा, चार वर्षांत फेरी मारणारा ग्रह मिळाला. घरातला सगळ्यात मोठा तोच, आणि टीटीव्हीमध्ये त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

---

बे_एरियातली_माई

रोहिणी, छान लिहितेस गं. हे सगळं वाचताना सारखा नेपच्यून आठवत होता. युरेनस वेळापत्रक पाळेना, म्हणून ल व्हेरिएने कागदावर ग्रह काढला, बर्लिनला पत्र पाठवलं, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गॅलेने सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत तो पाहिला. हे तेच ना?

---

खडूस_गणिती

माई, तेच. फक्त गोष्टीचा उत्तरार्ध सांगत नाहीत लोक. त्याच ल व्हेरिएने १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतली गडबड बघून सूर्याजवळ आणखी काहीतरी फिरतंय असं मांडलं. त्या ग्रहाचं व्हल्कन असं बारसंही झालं. लोकांनी पुढे कित्येक वर्षं तो शोधला. काहींना दिसलासुद्धा! १९१५ मध्ये आइनस्टाइनने शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) तो फरक सापेक्षतेतून काढून दिला आणि व्हल्कनची गरज संपली.

---

तिरकस_रेघ

२,६०० प्रकाशवर्षांवरचा ग्रह दोन तास लवकर आला. आमची पाण्याची वेळ दोन तास लवकर आली तर त्यावर निबंध लिहाल का कुणी? (ह. घ्या.)

---

पावशेर

तिरकस, दुसऱ्या धाग्यावर या, तिथे टँकरचा विषय चालू आहे. :)

रोहिणीताई, एक शंका. तिघं समोरून जातात, मग चौथा का नाही? सगळे एकाच पातळीत फिरत असतात ना?

---

रोहिणीशकट

जवळजवळ एका पातळीत. या 'जवळजवळ'मध्येच सगळं आलं.

२६४ दिवसांचा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण ०.८ पट अंतरावर असेल. तिथून ताऱ्याची तबकडी इतकी लहान दिसते, की कक्षा आपल्या नजरेच्या रेषेपासून एक तृतीयांश अंशाने कलली तरी ग्रह ताऱ्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. आपल्याकडे बुधाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सात अंश कललेली आहे, शुक्राची साडेतीन. तेव्हा दूरचे ग्रह न दिसणं हाच नियम. जितका लांब, तितकी शक्यता कमी. आणि ओढाताणीला एवढासा कल अजिबात आड येत नाही, म्हणून तर टीटीव्हीचं महत्त्व.

दुसरंही एक कारण असतं, ते गमतीचं आहे. केप्लरचं स्वयंचलित शोधयंत्र अधिक्रमणं काटेकोर ठरावीक अंतराने होतात असं धरून चालायचं. सगळी विदा त्या अंतराने दुमडायची, म्हणजे उथळ खाचा (अधिक्रमणामुळे ताऱ्याच्या उजेडात पडणारी घट) एकमेकींवर बसून खोल दिसतात. पण वेळ तासातासांनी सरकत असेल तर खाचा एकमेकींवर बसतच नाहीत, पसरून पुसट होतात. मोठ्या टीटीव्हीचा छोटा ग्रह त्यामुळे समोरून जात असूनही निसटू शकतो. अशा निसटलेल्यांसाठी जुनी विदा वेगळ्या पद्धतींनी पुन्हा चाळली जाते, आणि ग्रह मिळतातही.

---

कॉलेजकट्टा

ही विदा आम्हाला मिळू शकते का? एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विचारतोय.

---

रोहिणीशकट

केप्लरची सगळी विदा खुली आहे, पैसे नाहीत, परवानगी नाही. पायथॉनमध्ये लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज आहे, त्याने ताऱ्याचा प्रकाशवक्र (वेळेनुसार उजेडाचा आलेख) काही ओळींत उतरवता येतो. वेळांचं गणित करायला टीटीव्हीफास्ट किंवा रिबाउंड.

पण आधी होल्झर आणि सहकाऱ्यांची २०१६ ची सूची काढ. त्यांनी २,५९९ केप्लर-उमेदवारांच्या अधिक्रमणांच्या वेळा मोजल्या आणि त्यातल्या २६० मध्ये ठळक, दीर्घ मुदतीचे फरक दाखवले. केप्लर-८८ निवड. संकेत इतका मोठा आहे की नुसत्या डोळ्यांनी लाट दिसते. एक लक्षात ठेव, केप्लरची नेहमीची मोजमापं साधारण अर्ध्या तासाची एक अशी आहेत, त्यामुळे खाचेचा उतार ओबडधोबड दिसेल. गणिती प्रतिकृतीलाही (मॉडेललाही) तेवढ्याच अर्ध्या तासाची सरासरी लावायची. तसं नाही केलं तर वेळेतल्या त्रुटी भलत्याच निघतात.

---

खडूस_गणिती

आणि पहिल्याच लाटेला ग्रह म्हणू नको. डब्ल्यूएएसपी-३ बी या ग्रहाचं प्रकरण वाच. २०१० मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणींच्या मूठभर वेळांवरून तिथे २:१ च्या जवळ पृथ्वीच्या १५ पट वस्तुमानाचा दुसरा ग्रह असावा असं मांडलं गेलं. पुढे जास्त आणि चांगली मोजमापं आली तेव्हा लाट विरली. २०१३ मध्ये त्याच मूळ संशोधकाच्या गटाने तसं प्रसिद्ध केलं, हे मात्र त्यांच्या सचोटीचं. बिंदू थोडे, त्रुटी मिनिटाच्या आसपास, आणि कालावधी कोणताही चालेल अशी सूट असली, की लाट सापडतेच. कुठल्याही दहा आकड्यांत सापडेल.

---

ढगाळ_पुणे

वाचनखूण साठवली आहे. माझा प्रश्न जमिनीवरचा. घराच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण आणि सीमॉस कॅमेरा आहे. तप्त गुरूंची (ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणाऱ्या गुरूसारख्या मोठ्या ग्रहांची) अधिक्रमणं घेतो, एक-दीड टक्क्याची खाच स्वच्छ येते. मध्यबिंदूची वेळ दीड-दोन मिनिटांच्या त्रुटीत बसते. यातून न दिसणारे सोबती शोधता येतील का? आणि केप्लर-५१ माझ्या आवाक्यात आहे का?

---

रोहिणीशकट

केप्लर-५१ विसरा, तो पंधराव्या प्रतीच्या आसपासचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). शिवाय आपल्या दैवाने केप्लरचा पट्टा म्हणजे हंस आणि स्वरमंडल, मध्यरात्री डोक्यावर येतो तो बरोबर जुलैत.

तप्त गुरूंची अडचण निराळी. हे प्राणी बहुतेक एकटेच राहतात. केप्लरच्या विदेत त्यांना अनुनादाजवळचे शेजारी मिळालेच नाहीत म्हणा ना. ताऱ्याच्या इतक्या जवळ येताना वाटेतल्यांना त्यांनी हुसकावून लावलं असावं, असं एक मत आहे. ठळक अपवाद डब्ल्यूएएसपी-४७. त्याचा ४.१६ दिवसांचा तप्त गुरू आधीच माहीत होता. २०१५ मध्ये केप्लरच्या दुसऱ्या मोहिमेच्या विदेत त्याच्या आत ०.७९ दिवसांचा आणि बाहेर ९ दिवसांचा असे दोन छोटे ग्रह मिळाले. त्या गुरूच्या वेळा हलतात, पण मिनिटापेक्षाही कमी. तुमच्या त्रुटीत ते बुडून जाईल.

तरी तुमच्या वेळा वाया जात नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेच्या एरियल दुर्बिणीला शेकडो ग्रहांच्या अधिक्रमणांच्या अचूक वेळा लागणार आहेत. त्या ताज्या ठेवायला एक्सोक्लॉक नावाचा उपक्रम आहे आणि त्यात हौशी निरीक्षकांची मोजमापं रीतसर घेतात.

मात्र वेळ कोणत्या घड्याळात लिहिता ते एकदा तपासा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून त्याच ताऱ्याचा प्रकाश आपल्याला वर्षभरात आठ मिनिटांपर्यंत आधी किंवा उशिरा मिळतो. त्यासाठी सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला नेऊन लावायच्या. तेवढं करून भागत नाही. आपला नागरी जागतिक वेळ आणि या गणितात वापरतात तो एकसमान काळ यांच्यात सध्या ६९ सेकंदांचा फरक आहे. एकाने तो धरला आणि दुसऱ्याने नाही, आणि दोघांच्या वेळा एका आलेखावर आल्या, की सव्वा मिनिटाची सुंदर पायरी तयार होते. एखाद्याला त्यात ग्रह दिसायचा!

---

खडूस_गणिती

पावशेर, तुमच्या घड्याळाबद्दल मी काय म्हणत होतो?

---

बे_एरियातली_माई

ग्रहाला चंद्र असेल तर? तोही ओढेलच की.

---

रोहिणीशकट

ओढतो, माई. ग्रह आणि चंद्र आपल्या सामाईक केंद्राभोवती फिरतात, त्यामुळे ग्रह कधी किंचित पुढे असतो, कधी मागे. शिवाय त्याचा वेगही किंचित बदलतो, म्हणजे अधिक्रमणाची लांबी बदलते. डेव्हिड किपिंग यांनी २००९ मध्ये दाखवलं, की या दोन लाटा एकमेकींपासून पाव फेरा सरकलेल्या असतात. वेळेतला फरक शिखरावर असतो तेव्हा लांबीतला शून्य. चंद्र ओळखायची ही चांगली खूण.

प्रत्यक्षात मात्र सगळं अडून बसलंय. केप्लर-१६२५ बी हा २८७ दिवसांचा ग्रह ऑक्टोबर २०१७ मध्ये हबलने ४० तास पाहिला. अधिक्रमण सुमारे ७८ मिनिटं आधी झालं. टीची आणि किपिंग यांनी नेपच्यूनएवढ्या चंद्राची शक्यता मांडली. त्याच विदेवर दुसऱ्या गटाने काम केलं तर चंद्राची खाच दिसेना. ७८ मिनिटं आहेत, ती चंद्राची की दुसऱ्या कुठल्या ग्रहाची, यावर एकमत नाही. इतक्या लांब कालावधीच्या ग्रहाची अधिक्रमणं केप्लरला मिळाली ती मोजून तीन. तेवढ्यात लाट काय काढणार?

---

खडूस_गणिती

वेळ बदलते पण सोबत्याची ओढाताण नसते, अशीही दोन उदाहरणं नोंदवून ठेवतो, म्हणजे धागा पुरा होईल.

डब्ल्यूएएसपी-४ बी : टेस दुर्बिणीला त्याची अधिक्रमणं अपेक्षेपेक्षा ८० सेकंदांच्या वर आधी मिळाली. नंतर एका गटाने वर्णपटावरून मांडलं की ताराच आपल्या दिशेने वेग घेतोय. दर खेपेला प्रकाशाला थोडं कमी अंतर कापावं लागतं, एवढाच बराचसा मामला, असं त्यांचं म्हणणं; यावर एकमत मात्र नाही. (अर्थात ते खरं असेल तर ताऱ्याला कोण ओढतंय हा प्रश्न उरतोच, म्हणजे दूरचा सोबती मागच्या दाराने आत आला. पण तो ग्रहाला नाही, ताऱ्याला ओढतोय.)

डब्ल्यूएएसपी-१२ बी : कालावधी दर वर्षाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतोय. हा ग्रह भरती-ओहोटीच्या ओढीने ताऱ्याकडे सरकतोय आणि काही दशलक्ष वर्षांत संपेल.

---

ढगाळ_पुणे

२९ मिलिसेकंद? हे आम्हाला काय दिसणार, कप्पाळ!

---

खडूस_गणिती

दिसेल. फरक साठतो. कालावधी १.०९ दिवसांचा, म्हणजे वर्षाला ३३५ फेऱ्या. कालावधी एकसारखा घटत असेल तर वेळेतली एकूण तफावत वर्षांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २९ मिलिसेकंद गुणिले ३३५, भागिले दोन, म्हणजे साधारण ४.९ सेकंद. त्याला वर्षांच्या वर्गाने गुणा. दहा वर्षांत आठ मिनिटं, पंधरा वर्षांत अठरा मिनिटं. २००८ मधला कालावधी कायम धरून वेळापत्रक काढा आणि आजचं अधिक्रमण घ्या. तुमची दोन मिनिटांची त्रुटी त्यापुढे काहीच नाही.

---

ढगाळ_पुणे

हे भारी आहे राव. हा तारा कुठे आहे, आणि माझ्या कॅमेऱ्याला झेपेल का?

---

रोहिणीशकट

सारथी तारकासमूहात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास जवळजवळ डोक्यावर. प्रत ११.७ च्या सुमाराला, खाच साधारण १.४ टक्के, आठ इंचीला नक्की झेपेल. अधिक्रमण तीन तास चालतं. त्याआधी आणि नंतर तासभर तरी घ्या, नाहीतर ताऱ्याची नेहमीची पातळी कळत नाही. तुलनेसाठी त्याच चौकटीतले साधारण त्याच रंगाचे दोन-तीन तारे निवडा, आणि प्रतिमा किंचित अस्पष्ट ठेवा म्हणजे एकाच पिक्सेलवर भार येत नाही.

मधे ढग आला तरी निराश होऊ नका. खाचेचा तळ गेला तर चालेल. वेळ कळते ती दोन्ही कडांवरून, खाली उतरताना आणि वर चढताना. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं दोन्ही बाजूंना आकाश मोकळं हवं.

---

ढगाळ_पुणे

ठीक. डिसेंबरच्या अमावास्येच्या आसपासच्या तारखा काढतो आणि इथेच टाकतो. नाशिक-कोल्हापूरकडचं कुणी त्याच रात्री लावणार असेल तर हात वर करा, एका ठिकाणी ढग असले तर दुसरीकडची कड मिळेल.

---

पावशेर

दुर्बीण नाही, पण थर्मास घेऊन हजर.